लेम पेटवेचा उशीर

शनिवारची दुपार होती आणि माउंट नीबो चर्चच्या मागच्या अंगणात मासे तळायला सुरुवात झाली होती. कढई बर्नेल स्टोक्सच्या ताब्यात. मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश नेमका कधी उलटायचा हे आपल्याशिवाय नदीकाठच्या साऱ्या डेल्टा मुलखात कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती आणि ती खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पिकनच्या झाडाखाली चर्चचे जुने सेवक, डीकन होसिया पेटवे, खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे कोबी चिरायचं काम होतं. सुरी हातात होती, कोबी मांडीवरच्या पातेल्यात होता, पण दोघांची गाठ काही पडत नव्हती.

"डीकन, तो कोबी आपणहून चिरला जायचा नाही," बर्नेल म्हणाला.

"दमलोय रे."

"दमायला सकाळपासून केलंत काय?"

"उठलो," डीकन म्हणाले.

बर्नेल हसला. डीकन हसले नाहीत. खरंच दमले होते ते, आणि हा थकवा गुडघ्यांचा नव्हता. सकाळीच त्यांची वहिनी अर्नेस्टीन येऊन गेली होती. डीकनांचा थोरला भाऊ लेम, ज्याच्या गिटारीपायी लोक पार मेम्फिसहून गाड्या काढून यायचे, त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. थडग्याचा दगड तयार होता, त्यावर नाव कोरून झालं होतं. नावाखालची जागा मात्र मोकळी.

"भाऊजी, तुम्ही देवाघरची माणसं. शब्द तुमच्याकडे असतात," ती म्हणाली होती. "मला वाटतं लिहावं, 'डेल्टातला सगळ्यात मोठा गिटारवाला.' पण खरं असेल तरच हं. लोक दोन्ही बोलतात. माझ्या नवऱ्याच्या उशाशी खोटं नको. संध्याकाळी माझं ताट न्यायला येईन, तेव्हा सांगा. उद्या चर्चनंतर दगडवाला भेटणारे."

आता हे डीकनांनी कुठून सांगावं? लेम वाजवायचा तो नदीकाठच्या जूक जॉइंटमध्ये, जिथे दारू, नाच आणि कधीमधी सुरे. डीकनांनी त्या उंबऱ्याला जन्मात पाय लावला नव्हता. भाऊ त्यांनी ऐकला तो रेकॉर्डवर, नाहीतर घराच्या ओट्यावर. आणि मनातलं सांगायचं तर ते ऐकून त्यांना कधी भरून आलं नव्हतं. अर्धवट वाटायचं. कुणीतरी वाक्य सुरू करावं आणि खिडकीबाहेर बघत बसावं, तसं.

तेवढ्यात टोबायस ग्रिग्जचा ट्रक खडखडत आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हा माणूस लेमचा भक्त. मेलेल्या लेमची बाजू घेऊन तो जिवंत माणसांशी भांडायचा. त्याने ट्रक चर्चच्या आवारात न घेता ओढ्यापलीकडे लावला, दारं सताड उघडी टाकली आणि मधल्या फळीवरून चालत अलीकडे आला.

"तिकडे का लावलास रे?" बर्नेलने विचारलं.

"आत लेमची कॅसेट आहे. जूकमधलं ब्लूज देवाच्या जागेत वाजवायचं नाही, असं आपल्या मंडळीतल्या सिस्टर फिलिपा म्हणतात. ओढ्यापलीकडे देवाची जागा नाही."

"आवाज ओढा ओलांडून येतो, गाढवा."

"तो आवाजाचा दोष. मी तर नियम पाळला."

लेमचं नाव निघालं म्हटल्यावर बर्नेलला चेव चढला. झारा हवेत उंचावून तो म्हणाला, "तुला एकदाच सांगतो, टोब. लेम पेटवे माणूस सोन्यासारखा होता. गिटारवाला म्हणून फुगवलेला होता. डीकन, राग मानू नका."

"राग यायलाही अंगात जोर लागतो," डीकन म्हणाले. "बोल तू."

"तो ओळ गायचा, बरोबर? आता गिटारनं उत्तर द्यायला हवं. त्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे, रेड कॉफीकडे बघा. ओळ संपायच्या आत त्याची बोटं शिवणयंत्रासारखी सुटायची. टाका चुकायचा नाही. आणि हा? ओळ गायची आणि छताकडे बघायचं. ढोलवाला बघतोय, बाकीचे बघतायत, कोपऱ्यातली मांजर बघतेय. मग कधीतरी सवडीनं एक सूर. एकच! लोक म्हणायचे, वा, काय खोल आहे. खोल कसलं? विसरला होता पुढचं."

"शिवणयंत्र ऐकून कुणाला रडू आलंय का?" टोब म्हणाला.

"येतं की. सुई बोटात गेली की येतं."

"लेमचा तो एक सूर म्हणजे रेड कॉफीची अख्खी रात्र!"

"अरे, मी तिथं असायचो!" बर्नेल म्हणाला. "तू तेव्हा बाटलीनं दूध पीत होतास. तिथं लेमचं वाजवणं धड ऐकूही यायचं नाही, एवढा आमचा आरडाओरडा. तो थांबला की आम्ही सुटायचो. 'सांग, लेम!' काय, 'खरंय बाबा!' काय, बायका हुंकार भरायच्या, जमिनीवर पाय आपटायच्या. अर्धं गाणं आम्हीच म्हणायचो. घसा आमचा बसायचा आणि नाव त्याचं व्हायचं!"

डीकनांची सुरी कोबीला नुकती कुठे लागली होती, ती पुन्हा थांबली. काहीतरी मनाला चाटून गेलं, पण काय ते उमगलं नाही.

टोब ताडताड फळीवरून पलीकडे गेला आणि त्याने कॅसेट लावली. ओढ्यावरून लेमचा आवाज आला, जाडा, थोडा धुरकट. एक ओळ गायली. आणि मग काहीच नाही. टेपची नुसती खरखर. कढईतलं तेल चुरचुरत होतं.

"हे बघा," बर्नेल म्हणाला. "गेला छताकडे."

ती शांतता कानावर आली आणि डीकनांना मागचा रविवार आठवला.

माउंट नीबोत त्यांच्याकडे ओळ देण्याचं काम होतं. डीकननं उभं राहून स्तोत्राची एक ओळ भरभर सांगायची आणि मंडळींनी ती उचलून, लांबवून, लाटेसारखी घोळवत गायची. पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं, तेव्हापासूनची ही रीत. आता पुस्तकं आली होती. नवे पाद्री भले होते, पण ऑर्गनची त्यांना घाई. मागच्या रविवारी डीकनांनी ओळ दिली आणि थांबले. तरुण मंडळी पानं उलटत होती. दोन म्हाताऱ्यांनी सूर धरला, तोही वाऱ्यावरच्या दिव्यासारखा. ऑर्गनवाला खाकरला. त्या वेळी जी शांतता त्यांच्या अंगावर आली होती, तीच आता ओढ्यापलीकडून येत होती.

आणि त्याच्याही मागचं आठवलं. त्यांच्या लहानपणी वडीलच डीकन होते आणि पाद्री होते रेव्हरंड टर्निप्सीड. काय प्रवचन असायचं ते! साध्या बोलण्यानं सुरू व्हायचं, शेजारी कुंपणाशी बोलतो तसं. मग वाक्यांना हळूहळू चाल लागायची, श्वासाश्वासाला ठेका पडायचा, आणि शेवटी तो माणूस बोलतोय की गातोय हे ज्याचं त्याला कळायचं नाही. ऐकणाऱ्याचे डोळे वाहायला लागलेले असायचे. मंडळी गप्प राहिली तर रेव्हरंड मधेच थांबून म्हणायचे, "हा डोंगर मला एकट्याला चढवत नाही, बाबांनो. ढकला मागून!" वडिलांचीही तीच रीत. ओळ दिली की ओठ मिटून उभे. पुढच्या बाकांनी कितीही जोरात उचलली तरी ते हलायचे नाहीत. अगदी मागच्या बाकावर मदर लुवेनिया बसायची, शेतात वाकून वाकून तिच्या छातीचा भाता झालेला. तिचा आवाज सगळ्यांच्या मागून, फरफटत यायचा. तो पोचल्याशिवाय वडील पुढची ओळ द्यायचे नाहीत. "तिला मागं टाकून जायचं नाही," एवढंच ते मुलांना सांगायचे. वडिलांच्या उजव्या हाताला लेम उभा असायचा, कारण पुढे ओळ द्यायची ती त्यानेच, असं सगळे धरून चालले होते.

कॅसेटवर दुसरी ओळ संपली. पुन्हा तीच मोकळी जागा. आणि डीकनांच्या छातीतून, त्यांनी न ठरवता, एक लांब हुंकार निघाला.

"हंऽऽऽऽ..."

कढईपाशी बर्नेलच्या तोंडून जुनी सवय निसटली. "सांग, लेम!"

आणि बरोबर त्या दोघांचा आवाज जिथे विरला, तिथे तो सूर आला. एकच. उशिरा नाही, लवकर नाही. मागच्या बाकावरची म्हातारी पोचली, तेव्हा.

तिसऱ्या ओळीला टोबनेही पलीकडून आवाज दिला. सूर पुन्हा तसाच आला, पायरीवर पाय पडावा तसा.

"रेकॉर्ड केली तेव्हा स्टुडिओच्या खोलीत कुणीच नव्हतं," डीकन सावकाश म्हणाले. "काचेआड एक माणूस, बस्स. तरी हा थांबला."

बर्नेलने नाक फेंदारलं. मग एकदम कढईकडे धावला. "करपले! डीकन, तुमच्या भावानं मेल्यावरही माझे मासे करपवले!"

काळे पडलेले तुकडे त्याने बाजूला काढले आणि मागे न वळता म्हणाला, "म्हणजे मोठे आम्ही होतो. तो नव्हता. मी मघाशी तेच तर म्हणत होतो."

"असेल तसंही," डीकन म्हणाले.

"मी अजून रेड कॉफीच म्हणतो."

"म्हण की. तुला कोण अडवतंय?"

ऊन कलल्यावर अर्नेस्टीन आली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची. चालताना तिला मधेच उभं राहून दम घ्यावा लागे. बर्नेलने तिच्यासाठी न करपलेले तुकडे वेगळे ठेवले होते. ते त्याने तिच्या ताटात घातले.

"सुचलं का भाऊजी?"

"'वाट पाहतोय' एवढं कोर, वहिनी. नावाखाली. बाकी काही नको."

तिने कपाळाला आठी घातली. "कुणाची?"

"मागच्या बाकाची."

ती उभीच राहिली. मदर लुवेनिया तिची आजी. मागच्या बाकावर तिच्या मांडीला टेकून अर्नेस्टीन कैक रविवार झोपली होती. तिने ताट दोन्ही हातांनी नीट धरलं.

"पण मोठा होता की नाही, ते नाही सांगितलंत."

"ते मला ठाऊक नाही गं. बर्नेलला विचार, त्याला सगळं ठाऊक असतं. मला एवढंच कळलं की त्यानं ओळ द्यायचं काम सोडलं नव्हतं. जागा बदलली होती."

"लोकांना नाही कळायचं."

"बर्नेलला कळलं. मग कुणालाही कळेल."

"मी ऐकतोय!" कढईकडून आवाज आला.

अर्नेस्टीनने ताटावर फडकं टाकलं. दोन पावलं गेली आणि वळली. "उद्या ओळ देणार ना तुम्ही?"

"देईन. पण आता घेतं कोण, वहिनी? फार दमायला होतं गं, नुसतं उभं राहून."

"मी असते की मागं. मला पोचायला वेळ लागतो," ती म्हणाली. "तेवढं थांबा म्हणजे झालं."

ती फाटकाकडे निघाली, अधूनमधून थांबत. डीकन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. थकवा होता तिथेच होता. त्यांनी पातेलं मांडीवर नीट ओढून घेतलं आणि कोबी चिरायला घेतला.