दोन आटे बाहेर

ट्रकनं कर्कश किंकाळी फोडली, वीतभर उडी मारली आणि तो जागच्या जागी गप्प झाला.

“पातळ होतंय मिक्श्चर,” शहाजीराव म्हणाले आणि त्यांनी कार्बोरेटरचा बारका स्क्रू आणखी पाव आटा आत पिळला. “जरा जाड पाहिजे.”

“वर्षभर जाडच करताय की ते,” वैजयंती म्हणाली. “इंजिन जाड होईना, माणूस मात्र झाला.”

नेरूळला सोसायटीच्या मागे सिडकोचा एक मोकळा प्लॉट होता. तिथं रविवार सकाळचा हा कार्यक्रम आता सगळ्या सोसायटीच्या सवयीचा झाला होता. ट्रक होता हातभर लांब, पण मिजास खऱ्या ट्रकची. भोपळ्यासारखी गुबगुबीत चाकं, हातात धरायचा रिमोट आणि पोटात खरंखुरं इंजिन. त्याला इंधनही खास लागे, त्यात एरंडेल असे. त्या वासानं, ट्रक चालो न चालो, वैजयंतीला लहानपणचे सगळे जुलाब आठवत.

आजचा रविवार मात्र वेगळा होता. ज्यानं हा ट्रक सिंगापूरहून आणून दिला तो वैजयंतीचा धाकटा भाऊ निशांत शेजारी उकिडवा बसला होता. निशांत बोटीवर इंजिनिअर होता. आई गेल्यावर तो लहानपणीच फलटणहून ताईकडे आला आणि याच घरात वाढला. शहाजीराव तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर. पण सुट्टीच्या दिवशी सोसायटीतली प्रत्येक मोटरसायकल त्यांच्या हाताखालून जायची. त्यांच्या जुन्या फटफटीवरच निशांत इंजिन शिकला. “स्क्रू आत घेतला की मिक्श्चर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; बाहेर काढला की पातळ,” हा त्याला मिळालेला पहिला मंत्र. बोटीवरही तो सांगायचा, “माझे गुरू आमचे दाजी.” ट्रक त्यानं गुरुदक्षिणा म्हणूनच दिला होता.

आणि गुरूंनी वर्षभर फोनवर ठोकून दिलं होतं, “झकास पळतोय रे! धूळ उडवतो नुसता!”

आता तोच चेला म्हणाला होता, “दाखवा ना दाजी, कसा पळतो ते.” शहाजीरावांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. डब्याच्या तळाशी इंधन जेमतेम उरलं होतं. ते संपायच्या आत ट्रक पळाला नाही, तर फोनवरच्या थापा उघड्या पडणार होत्याच. पण त्यापेक्षा मोठी भीती ही, की ज्या पोरानं आपल्याला उस्ताद मानलं त्याच्या नजरेतून आपण उतरणार.

त्यांनी दोरी ओढली. पुन्हा किंकाळी, पुन्हा शांतता. निशांतनं बोट ओलं करून इंजिनाच्या डोक्याला लावलं. चर्र झालं. त्यानं स्क्रूकडे पाहिलं, दाजींच्या हाताकडे पाहिलं.

“दाजी, गरम झालंय. थोडं थांबू या,” तो म्हणाला. “तेवढ्यात मला जरा पाणी आणाल का?”

शहाजीराव उठले. घरापर्यंत जावं लागलंच नाही; जिन्यातच शेजारचे आप्पा बाटली घेऊन उभे होते. बाटली घेऊन ते परतले, तर ट्रक चालू! डुग डुग डुग डुग, मागून निळसर धूर. निशांतच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्यानं धुराच्या नळीवर घाईनं फडकं दाबलं, इंजिन बंद केलं, स्क्रू ड्रायव्हर होता तिथं ठेवला आणि तो साळसूदपणे आभाळाकडे पाहत बसला.

शहाजीराव सोसायटीच्या भिंतीआडून सगळं पाहत होते. मग मुद्दाम चपला घासत पुढे आले.

“गार झालं बघा,” निशांत म्हणाला. “आता तुमीच ओढा दाजी. तुमच्या हाताला यश आहे.”

त्यांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. निशांतनं रिमोट त्यांच्या हातात दिला आणि ट्रक धूळ उडवत, धूर सोडत, थेट प्लॉटच्या टोकापर्यंत पळाला. गॅलऱ्यांमधून आरडाओरडा झाला. वैजयंतीनं पदर नाकाला लावूनही “अगं बाई!” म्हटलंच. आप्पा जिन्यातून ओरडले, “मानलं मिस्त्री! उगाच टेन्शन घेत होता तुमी. हात तो हात!”

शहाजीरावांना फार बरं वाटलं. गप्प बसलं असतं तर सगळं तसंच राहिलं असतं. त्यांनी ट्रक वळवून पायाशी आणला.

“किती फिरवलास?” त्यांनी हळूच विचारलं.

निशांतचे कान लाल झाले. “दोन आटे.”

“आत?”

“बाहेर.” तो खाली बघत म्हणाला. “फटफटीचा तो स्क्रू हवेचा, दाजी. आत घेतला की हवा कमी होते, म्हणून जाड. हा इंधनाचा आहे. आत घेतला की इंधनच बंद होत जातं.”

“म्हणजे मी वर्षभर याचा गळा दाबत होतो?” शहाजीराव इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. “मग सांगायचंस की गाढवा.”

“तुमीच शिकवलेलं. तुम्हाला कसं सांगू?”

शहाजीरावांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. मग उठून वर बघत मोठ्यानं म्हणाले, “ओ आप्पा! मिस्त्री हा आहे. मी उलटा पिळत होतो!”

“काय सांगता!” आप्पा म्हणाले. गॅलऱ्यांत खसखस पिकली. वैजयंती मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पँटला पुसून निशांतच्या खिशात खोचला, रिमोट त्याच्या हातात दिला आणि ते दोन पावलं मागे सरले. ट्रक पुन्हा सुटला. शहाजीराव बघत उभे राहिले, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न सुचून टाळ्या वाजवू लागले.