सरांचा आकडा

महादेवप्पाने हृदयाचे ठोके मोजायचा पट्टा नळाखाली धरला, आतल्या दोन काळ्या चकत्या बोटाने ओल्या केल्या आणि शर्टाखाली छातीवर बांधला. मोबाइलवर आकडा आला. १३१.

"आजही बिघडलेलाच," तो म्हणाला.

समोर मोहियोद्दीन बसले होते, भोकरचे शिंपी. पायाशी मुलीची, सदफची, भरलेली बॅग होती. सदफ टायफॉइडमधून उठून महिना झाला होता आणि पोलीस भरतीची मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती. बापाची अट एकच होती. तिचे ठोके ठीक आहेत असं महादेवप्पा सरांनी आज लिहून दिलं तर ती लातुरात राहील, नाहीतर दुपारच्या एसटीने घरी.

सरांचाही एक नियम होता. पट्टा आधी स्वतःला बांधायचा. साठाच्या आसपास आकडा आला तरच तो मुलींना. खाली पत्र्याच्या शेडमध्ये त्याची मुलींची भरती अकॅडमी होती तोवर त्यात कधी चूक झाली नाही. पाच दिवसांपूर्वी ती नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आली आणि पट्टा बिनसला.

त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. पट्ट्यावरची सेलची डबी काढून पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, न पिळता सावलीत वाळवला, सेल बदलला. पोरींना प्यायला पाणी न्हाई आन् सरांच्या पट्ट्याला रोज आंघोळ, असं मेसच्या कस्तुराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या होत्या.

मोहियोद्दीननी बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"सर," दाराशी उभी सदफ म्हणाली, "एकडाव मला बांधून बघू द्या की. चुकला तर जाते मी."

तो नको म्हणणार होता. ती पट्टा घेऊन पडद्यामागे गेलीसुद्धा. बाहेर येऊन बसली, मानेवर दोन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजत राहिली.

"चौसष्ट."

मोबाइलवरही चौसष्ट होते.

महादेवप्पाने पट्टा परत घेतला, ओला केला, बांधला. १२८. त्याने डबी दाबून बघितली. १३०.

मोहियोद्दीन उठले. परवानगी मागितल्यासारखं थांबून त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं. ओठ हलवत ते मोजत राहिले.

"सर, पट्टा बराबर हाय," ते हळूच म्हणाले.

महादेवप्पा हसला. त्याला काहीच होत नव्हतं. ना घाम, ना धाप. मोबाइल हातात घेऊन तो जिना उतरला. पहिल्या मजल्यावर ११२. अंगणात ८४. शेडमध्ये त्याची खाट होती. अजून तो तिथेच झोपत असे, डिसेंबरातही. वर उकडतं, असं सांगत असे. खाटेवर टेकून थोडा वेळ बसला. ६१.

त्र्याण्णवच्या भूकंपात, नऊ वर्षांचा असताना, औशाकडच्या गावात तो कोसळलेल्या माळवदाखाली चार तास अडकला होता. दरवर्षी एकदा तो हे नव्या मुलींना सांगे, बातमी वाचून दाखवावी तसं, आणि शेवटी म्हणे की घाबरायचं नसतं.

तो वर गेला, सावकाश, धाप लागू नये म्हणून प्रत्येक वळणावर थांबत. दारातच मोबाइलवर १२६ झाले होते. तो उंबऱ्यावर उभा राहिला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याने मान वर करून स्लॅबकडे पाहिलं. मग पटकन खाली.

सदफने पंखा वाढवला.

त्याने नोंदवही ओढली. सदफच्या नावापुढे चौसष्ट लिहिलं, सही केली. मोहियोद्दीननी बॅग पायाने खुर्चीखाली सारली.

वहीच्या डाव्या बाजूला, 'पट्ट्यात दोष' या रकान्यात पाच दिवस 'आहे' असं लिहिलेलं होतं. महादेवप्पाने पाचही शब्दांवर पट्टीने सरळ रेघ मारली आणि प्रत्येकापुढे, आपल्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात, 'नाही' लिहिलं.