माझ्या झाकणावर बसून राहिलेला मुलगा

मित्रांनो, मी सहलीला थंड पेयं न्यायची एक जुनी बर्फपेटी आहे. अमेरिकेत, अलाबामातल्या एका कॉलेजच्या मुलांचं मंडळ ज्या घरात राहतं, त्या घराच्या तळघरात हवा गेलेल्या फुटबॉलशेजारी मी पडून आहे. माझ्या रंगाचे पोपडे निघतात आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण एके काळी मला बघून मुली "अगं बाई, किती सुंदर!" म्हणत होत्या. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी पांढरी होते. कोरिन नावाच्या मुलीनं मला विकत घेतलं. वसंतात मंडळाची मुलं समुद्रावर सहलीला जातात, आणि ज्या मुलाचं बोलावणं येईल त्याच्यासाठी मुलीनं एक बर्फपेटी रंगवायची, ही इथली रीत. कोरिनला वेंडेलचं बोलावणं आलं होतं. जीवशास्त्राच्या तासाला तो तिच्या शेजारी बसे, आणि तिला तो मनापासून आवडत असे. तिनं मला पॉलिश पेपरनं घासलं, एका बाजूला बगळा काढला, दुसऱ्या बाजूला मंडळाचं चिन्ह. झाकणापाशी मात्र तिचं घोडं अडलं.

"बिअरचा मग काढ की," तिच्या खोलीत राहणारी मार्ली म्हणाली. "फेस उतू जाणारा. सगळ्याच काढतात."

"अगं, पण मी कुठे पिते? मला तर वासानंच मळमळतं."

"तुला थोडीच प्यायचीय? त्याला प्यायचीय! आणि तिकडे हे बोलू नकोस हं. म्हणतील, वेंडेलनं कुठली काकूबाई पकडून आणली!"

कोरिननं बिअरचा मग काढला. फेस फार छान जमला.

वेंडेलनं मला पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा फुलला. मग त्याची नजर झाकणावर गेली आणि त्यानं ती चटकन बगळ्याकडे वळवली. "आत काय भरू?" कोरिननं विचारलं. "तू कशाला त्रास घेतेस? मी भरतो ना," तो घाईनं म्हणाला. त्या दोघांनाही हायसं वाटलं, हे मला लगेच कळलं. कोरिनचं कारण मला ठाऊक होतं, वेंडेलचं कळायला मात्र दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो मला घेऊन दूरच्या गावातल्या दुकानात गेला आणि तिथे त्यानं मला आल्याच्या सोड्याच्या आणि लिंबू सरबताच्या डब्यांनी गच्च भरलं.

वेंडेल पीत नव्हता. कारण काही मोठं नव्हतं, त्याला ती चव आवडत नव्हती, एवढंच. मोठं कारण असतं तर निदान ते सांगता तरी आलं असतं. डबे रचताना तो पुटपुटत होता, "कोरिन, मी पीत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. पेटी खरंच फार सुंदर झालीय." त्यानं हे पुन्हा पुन्हा घोकलं. समुद्रावर तिला सांगायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

वाळूवर सगळ्या पेट्या ओळीनं मांडल्या गेल्या. बाकीच्यांची झाकणं सारखी उघडत होती, मिटत होती. माझं एकदाही उघडलं नाही, कारण वेंडेल माझ्या झाकणावर बसला तो उठेचना.

"ए वेंडेल, ऊठ ना लेका," त्याचा मित्र डिलार्ड म्हणाला. "एक बिअर काढ."

"संपत आलीय रे."

"आत्ता तर आलोय! बघा रे, काय चिक्कू आहे! एकटाच ढोसणार हा सगळी."

वेंडेल हसला. चिक्कू म्हटलेलं त्याला चालत होतं. चिक्कू माणूस निदान मंडळातला तरी राहतो, असं त्याला वाटत असावं. सगळे पाण्याकडे पळाले की तो हळूच मागे वळून माझ्यावरचा बगळा बोटानं चाचपत असे. इतक्या गर्दीत इतका एकटा मुलगा मी पाहिला नव्हता.

आणि दूर कोरिन हातातला बिअरचा कप कुणी बघत नाही असं पाहून वाळूत ओतत होती. तेही मी पाहिलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. दोघांचंही गुपित मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

भर दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कोरिन आमच्याकडे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वेंडेल, काही गार आहे का रे तुझ्याकडे?" तिनं अगदी हळू विचारलं. "बिअर सोडून काहीही चालेल."

माझ्या झाकणावरचा भार हलका झाला. वेंडेल अर्धा उठला होता. मी मनात म्हणत होते, ऊठ बाळा, ऊठ.

"बिअर सोडून?" डिलार्ड ओरडला. "मग काय त्याच्याकडे दूध असणारेय?"

सगळे खो खो हसले. भार पुन्हा माझ्यावर आला.

"बिअरच आहे गं," वेंडेल म्हणाला.

"बरं. राहू दे."

पाय धुवायच्या नळाचं कोमट पाणी तिनं ओंजळीनं प्यायलं. संध्याकाळी सामान भरताना ती सहलीला आलेल्या मार्लीला म्हणाली, "दिवसभर त्या पेटीवर बसून पीत होता गं. माझ्याशी धड बोललाही नाही." ती मुलींच्या गाडीत बसून गेली. त्यानंतर जीवशास्त्राच्या तासाला ती दुसरीकडे बसू लागली, असं वेंडेलच एकदा डिलार्डला सांगत होता. का, ते त्याला कळलं नव्हतं.

समुद्रावरून परतल्यावर त्यानं मला या तळघरात आणलं आणि झाकण उघडलं. एक सरबत त्यानं उभ्यानंच प्यायलं. डबे अजून गार होते. मी माझं काम चोख केलं होतं, पण त्याचा मला आनंद झाला नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला नवा रंग द्या, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते, कुणी तहानलेलं तुमच्यापाशी आलं, तर चार लोक हसले तरी हसू द्या. तुम्ही उठा.