उकळलेलं पाणी

तिसऱ्यांदाही प्रयोगशाळेतल्या यंत्राने तोच आकडा दाखवला, तेव्हा तिने बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. तलाव, पूर्वेचा काठ. पाण्यात शिसं, मर्यादेच्या नऊपट. त्या काठावरची वस्ती तेच पाणी पीत होती, आणि तिथेच तिची धाकटी बहीण राहत होती. नुकताच सहावा महिना लागला होता तिला.

साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"फेरतपासणीला पाठवू. आठ दिवस लागतील. तोवर कुठे वाच्यता नको. आकडा चुकला तर आपल्याच अंगाशी येईल."

"आणि बरोबर असला तर, साहेब?"

"तरी आठ दिवसांनीच बोलायचं."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. बसमधून उतरल्यावर पाण्याचे दोन मोठे कॅन घेतले; वस्तीचा चढ चढेपर्यंत बोटांवर वळ उठले. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. घाबरवायचं नाही, हळूहळू सांगायचं. पण कुठूनही सुरुवात केली तरी वाक्य शिशापाशीच येऊन अडत होतं.

बहीण स्वयंपाकघरात होती. खिडकीच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या. शेगडीवर भलंमोठं पातेलं खदखदत होतं.

"न कळवता कशी आलीस गं? आणि हे कॅन कशाला? इथे काय दुष्काळ पडलाय?" बहीण हसली. "बघ, तुझं किती ऐकते मी. पाणी उकळून पी म्हणालीस ना? तू दहा मिनिटं सांगितलीस, मी अर्धा तास उकळते. पार निम्मं होईपर्यंत. बाळाच्या बाबतीत हयगय नको."

तिने कॅन खाली ठेवले. तिनेच सांगितलं होतं, जुलाबाची साथ होती तेव्हा. उकळल्याने जंतू मरतात. शिसं कुठे जात नाही. पाणी उडून जातं आणि ते सगळंच्या सगळं मागे राहतं.

ती पुढे झाली आणि तिने गॅस बंद केला.

"अगं, व्हायचंय अजून."

"बस खाली. सांगते."

तिने सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. बहीण फडक्याने ओटा पुसत राहिली, कोरडा झाल्यावरही.

"म्हणजे उकळलं नसतं, तर कमी गेलं असतं पोटात?"

"हो."

"आणि बाळाला?"

"रक्त तपासू. उद्याच. त्याशिवाय काही सांगता येणार नाही."

बहिणीने मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत दाराशी गेली आणि चपला पायानेच ओढल्या.

"कुठे निघालीस?"

"शेजारी. आधी इथे कुणी पाणी उकळत नव्हतं, ताई. मी घरोघरी जाऊन सांगितलं. माझी बहीण पाण्याच्या लॅबमध्ये आहे, तीच म्हणाली, म्हणून."

"आठ दिवस कुणाला सांगायचं नाही, असं बजावलंय मला साहेबांनी."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. बहीण दारात थांबली. पायऱ्या उतरायला आधार हवा होता, म्हणून नुसता हात पुढे केला.

तिने तो धरला.

शेजारचं दार उघडंच होतं. आतली बाई मुलीची वेणी घालत बसली होती. दोघींना पाहून तिने सरकून जागा केली.

"अरे वा, ताईपण आल्या. बसा ना. आत्ताच पाणी ठेवलंय बघा गॅसवर, तुम्ही सांगितलं तसं."