वकिलाचा शुक्रवार

"काका, परत ओल्या बोटांनी फोन धरलात. आणा इकडे, मी बघते."

काउंटरवरच्या मुलीने फोन काढून घेतला आणि आपल्या ओढणीला पुसला. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासायला बसत असे. चाकावर पाण्याची बारीक धार, मांडीवर जुना टॉवेल आणि नखांच्या कडांना सुकलेला पांढरा लगदा. तेहतीस वर्षं हेच चाललं होतं. घरात आणि नात्यात त्याला सगळे थोरला म्हणत.

"हं. शुक्रवार, सव्वाअकरा, चार नंबरचा पडदा," मुलगी म्हणाली. "सगळं हिरवंगार दिसतंय."

"म्हणजे चांगलं ना?"

"हिरवी खुर्ची म्हणजे रिकामी, काका. विकली गेली की करडी होते."

थोरल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. शहाण्णव खुर्च्या होत्या. तीन करड्या. त्यातली एक त्याचीच, मागच्या शुक्रवारीच काढून ठेवलेली.

विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तरी तोंडातून निघून गेलंच. "आणि त्याचं?"

"बेडकाचं? नऊ शो आहेत. सगळे फुल्ल. पहिल्या रांगेत मान मोडून बघायच्या खुर्च्यासुद्धा गेल्यात."

थोरला चाकाकडे वळला. त्या दिवशी एका काचेची कड त्याच्या हातून जास्त घासली गेली आणि ती फेकून द्यावी लागली. तेहतीस वर्षांत असं फार वेळा झालं नव्हतं.

बेडूक हे त्या नटाचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. लोक त्याला देव मानत, त्याच्या वाढदिवसाला रक्तदान करत. बेडूक म्हणणारा थोरला एकटाच, आणि त्याचं ऐकून काउंटरवरची ती मुलगी. ते नाव ठेवलं गेलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ आठ वर्षांचा. मोठ्या मामाने दोघांना सिनेमाला नेलं होतं. त्यात एका तरुण नटाने वकिलाचं काम केलं होतं. काळा कोट, हळू आवाज, भर कोर्टात न्यायाधीशाकडे पाठ करून उभं राहायची हिंमत. परत येताना थोरल्याने जाहीर केलं, "वकील माझा."

दोघा भावांत सगळ्याचीच वाटणी होई. बसची खिडकी, अंघोळीचा पहिला नंबर, गादीची भिंतीकडची बाजू. पहिली निवड थोरल्याची.

"मग मला कोण?" धाकट्याने विचारलं.

"तुला तो. गाण्यात शेवटच्या ओळीत उड्या मारत होता ना, तो बेडूक."

धाकट्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "बरं."

नऊ वर्षांनी तो शेवटच्या ओळीतला पोरगा नायक झाला. आणि मग थांबलाच नाही. ज्या वर्षी त्याचा सिनेमा पहिल्यांदा पंचवीस आठवडे चालला, त्याच वर्षी धाकटा इंजिनिअर झाला. ज्या वर्षी वकिलाचा मोठा गाजावाजा केलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला, त्या वर्षी थोरल्याचं स्वतःचं दुकान काढायचं बारगळलं. बेडकाचं परदेशात शूटिंग, तर धाकट्याची परदेशात बदली. "तुम्ही ओढूनताणून तारखा जुळवता," बायको म्हणायची. पण थोरल्याच्या डोक्यात त्या पक्क्या जुळलेल्या होत्या. वर्तमानपत्रात कुठल्या सिनेमाने किती गल्ला केला हे छापून आलं की त्याला ते कुणीतरी आपल्याच घराबद्दल लिहिल्यासारखं वाटे.

खरी अडचण अशी होती की धाकट्याने कधीच कोणाचं काही हिसकावलं नव्हतं. तो हुशार होता, बस्स. थोरल्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात आठ दिवस तोच बसून होता. वाईट वागला असता तर राग धरायला काहीतरी सापडलं असतं. तसं काही सापडत नव्हतं, म्हणून सगळा राग बेडकावर निघायचा.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा घरी आला. दारातच बूट काढता काढता म्हणाला, "दादा, उद्या काय करतोयस? पाच तिकिटं मिळालीत. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने. मी, ही, सासूबाई, तुझी लेक आणि तू."

"मला काम आहे."

"बाबांना वकिलाकडे जायचंय," आतून लेक ओरडली. तिच्या फोनच्या कव्हरवर बेडकाचा फोटो होता. तो थोरल्याला रोज जेवताना बघावा लागे.

"अरे हो, त्याचा पण उद्याच लागतोय," धाकटा म्हणाला. "किती वाजता?"

"सव्वाअकरा."

"आमचा साडेअकरा. एकत्र जाऊ की गाडीतून."

"मी बसने जाईन."

चहा देताना बायको दिराला म्हणाली, "भाऊजी, त्यांच्या नादी लागू नका. उद्या त्यांचं सोवळं असतं. पहिल्या खेळाला कुणी शिवलेलं चालत नाही." धाकटा हसला. थोरला हसला नाही, कारण ते खरं होतं.

शुक्रवारी तो ठेवणीतला निळा शर्ट घालून निघाला. थिएटरच्या बाहेरच बेडकाचा तीन माणसं उंच पुठ्ठ्याचा पुतळा उभा होता आणि त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती. वकिलाचं पोस्टर शोधावं लागलं. ते स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात होतं. त्यात वकील आजोबा झाला होता, केस मात्र पूर्वीपेक्षा काळे.

चार नंबरच्या दाराशी तिकीट तपासणाऱ्या बाईने त्याला हाताने थांबवलं.

"सर, हा शो बहुतेक होणार नाही. सहाच जण आहेत. दहा झाल्याशिवाय मशीन लावायचं नाही, असं मॅनेजरने सांगितलंय."

"पण मी आठवडाभर आधी तिकीट काढलंय."

"हो सर. पैसे परत मिळतील." मग तिने आवाज खाली केला. "नाहीतर दुसऱ्या सिनेमात बसवते तुम्हाला. दोन-चार जास्तीच्या खुर्च्या टाकतोय आम्ही. बाहेर लोक भांडतायत त्यासाठी, बघा तुमचं नशीब."

म्हणजे आता वकिलाच्या माणसाला बेडकाकडे दयेची खुर्ची मिळणार होती. थोरल्याने मान हलवून नाही म्हटलं.

"किती वेळ थांबाल?" त्याने विचारलं.

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

बाकीचे पाच जण बाकावर बसले होते. एक म्हातारं जोडपं, कॉलेजातल्या दोन मुली आणि औषधांची बॅग मांडीवर घेऊन पेंगणारा एक विक्रेता. चार माणसं कमी होती. थोरला आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेला नव्हता, पण आज तो त्या गर्दीत शिरला. तिकीट न मिळालेल्या एका टोळक्याला म्हणाला, "इकडे जागा आहे. चांगला सिनेमा आहे." त्यांनी पोस्टरकडे बघितलं आणि एकाने विचारलं, "काका, ते वारले ना?" पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ड्युटी आहे. मुलांना घेऊन आलेली एक बाई थांबली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मुलं रडतील.

आणि मग सरकत्या जिन्यावरून ती चौघं वर येताना दिसली. धाकटा पुढे, हातात मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा. मागे त्याची बायको आणि सासूबाई. सगळ्यात मागे थोरल्याची लेक, बेडकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून.

बरोबर चार. थोरल्याने पाठ फिरवली. जाऊ दे रद्द, असं त्याच्या मनात आलं. उद्या काउंटरवरच्या मुलीला सांगता येईल, मशीन बिघडलं होतं. तेवढ्यात त्याला ते म्हातारं जोडपं दिसलं. म्हातारीने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि दाराकडे बघत राहिली.

"बाळ्या," त्याने हाक मारली. हे नाव त्याने कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं.

धाकटा आला. थोरल्याने त्याच्या बुटांकडे बघत सगळं सांगितलं. सहा जण, दहा हवेत, पाच मिनिटं उरलीत. मागतो आहे असं वाटू नये म्हणून आवाज चढा लागला होता.

धाकट्याने एकही प्रश्न विचारला नाही. मागे वळून म्हणाला, "चला, आपण चार नंबरला जातोय."

"काका!" लेक जवळजवळ किंचाळली. "पहिला दिवस आहे!"

"उद्या नेतो तुला. शप्पथ."

"मला काय, बसायला मिळाल्याशी कारण," सासूबाई म्हणाल्या. "वकील मला आवडायचा."

धाकट्याने पाचही तिकिटं त्या टोळक्यासमोर धरली. धरली म्हणेपर्यंत ती गेली. एकाने आनंदाने त्याला मिठी मारली. थोरल्याने ते बघितलं. आपण पाय धरले तरी चार माणसं मिळेनात आणि याने नुसता हात पुढे केला तर लोक मिठ्या मारतात.

सिनेमा सुरू झाला. वकिलाचा आवाज जड झाला होता, काही वाक्यं तर दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखी वाटत होती. तो जिना चढायला लागला की पुढच्या दृश्यात एकदम वरच दिसे. भिंतीपलीकडे बेडकाच्या सिनेमात शिट्ट्या वाजत होत्या आणि खुर्च्यांच्या पाठी हलत होत्या. लेक फोन बघत होती. थोरला मान ताठ ठेवून बसला. शेजारी धाकटा होता आणि त्याच्याकडे तो मुद्दाम बघत नव्हता.

पण मध्यंतराच्या थोडं आधी वकील पडद्यावर खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. तेव्हा अंधारात धाकट्याचा श्वास अडकल्याचं थोरल्याला ऐकू आलं. बघतो तर त्याचे डोळे भरले होते.

दिवे लागले. बायका बाहेर गेल्या. धाकट्याने रुमालाने नाक पुसलं.

"रडायला काय झालं तुला?" थोरल्याने विचारलं. "तुझा थोडाच आहे तो."

धाकट्याने डब्यातल्या लाह्या हलवल्या. "दादा, मला तोच हवा होता," तो म्हणाला. "त्या दिवशी. पण तू आधी म्हणालास, माझा. मग मी काय बोलणार?"

"आणि बेडूक?"

"बरा आहे. मला कधी फारसा आवडला नाही. पोरीला आवडतो म्हणून जातो."

"म्हणजे वकिलाचे सिनेमे तू..."

"सगळे बघितलेत. शनिवारी जायचो. शुक्रवार तुझा असायचा, म्हणून."

थोरल्याला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. वाटलं ते असं, की घरात चोरी झालीय आणि ती चाळीस वर्षांपूर्वीच झालीय. याला हुशारी मिळाली, बदल्या मिळाल्या, लेकीचं मन मिळालं. ज्याच्या यशावर आपण इतकी वर्षं जळलो त्या बेडकाची तर याला किंमतच नव्हती. आणि एवढी एकच गोष्ट आपली होती, तीही फक्त आपली नव्हती.

"आणखी एक आहे," धाकटा म्हणाला. "आज सांगूनच टाकतो. मी भेटलोय त्याला. विमानतळावर, सहा वर्षं झाली. हात मिळवला."

"मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तूच सांग ना, कसं सांगणार होतो?"

थोरला उठला. पायऱ्या उतरून दारापर्यंत गेला, तिथल्या माणसाला उगीचच वेळ विचारली आणि परत आला. पण धाकट्याच्या शेजारी बसला नाही. मधली एक खुर्ची सोडून बसला. दिवे मंद होऊ लागले. तो मनाशी म्हणत होता, विचारायचं नाही. जन्मात विचारायचं नाही.

"हात कसा होता रे?" त्याने विचारलं.

"गरम होता. मऊ. आणि थोडा थरथरत होता, दादा. त्याने पटकन खिशात घातला, मला दिसू नये म्हणून."

उत्तरार्ध कसा होता हे थोरल्याला नंतर धड सांगता आलं नाही. वकील पडद्यावर येई आणि त्याची नजर त्याच्या हातांवर जाई. बहुतेक वेळा ते चौकटीबाहेर असत किंवा खिशात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या आणि एवढं आपल्याला दिसलं नव्हतं. ते बघितलं होतं धाकट्याने, एका क्षणात, विमानतळावर. याचीही त्याला जळजळ वाटली, पण आता ती कुणावर काढावी हे कळेना.

सिनेमा संपला. कॉलेजातल्या मुली नावं सुरू व्हायच्या आतच गेल्या. म्हाताऱ्याने म्हातारीला हात देऊन उठवलं. विक्रेता बॅग सावरत गेला. झाडूवाल्या दोघी दारात येऊन थांबल्या.

"बाबा, चला ना," लेकीने दारातून हाक मारली.

थोरला उठला नाही. पडद्यावर नावं वर वर सरकत होती. प्रकाशयोजना, रंगभूषा, वाहनचालक. नावं संपेपर्यंत तो कधीच उठत नसे.

धाकट्याने बायकांना खाली गाडीपाशी थांबायला सांगितलं. मग तो पायऱ्या चढून परत आला आणि आपल्याच जागेवर बसला. मधली खुर्ची त्याने तशीच राहू दिली.

"पुढचा आला तर शुक्रवारी ये," थोरला पडद्याकडे बघत म्हणाला.

"येईल का पुढचा?"

भिंतीपलीकडे टाळ्यांचा मोठा कल्लोळ उठला. झाडूवाल्यांपैकी एकीने पुढे व्हायला पाय उचलला, तर दुसरीने तिचा दंड धरला आणि वर बसलेल्या दोघांकडे बोट दाखवलं. मग दोघीही झाडू उभे टेकवून, नावं संपायची वाट बघत राहिल्या.