शेतात उभा दंड

पाटाची सफाई चुकवली की एक घडा केळ्याची दारू दंड. किलिमांजारोच्या त्या उतारावर हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो खोडताही येत नव्हता.

सफाईच्या दिवशी ऐकारुवा लेकीच्या, न्देशीच्या, बाळंतपणाला मोशीला गेली होती. नातू झाला. परत आली तर तिच्या शेताकडचा चर दगडमातीने बुजवलेला. नाचणी वीतभर वर आलेली. आणखी चार दिवस पाणी नाही मिळालं तर संपली.

पाट जिच्यातून काढला होता ती नदी खाली मैदानात पंगानी नदीला मिळते, धरणात अडते, वीज देते, मग समुद्रात जाते. इथे मात्र ती म्हाताऱ्या न्देकिर्वाच्या हुकमात होती. पाटाचा तो कारभारी.

"बाबा, दंड भरते. आधी पाणी सोडा."

"आधी घडा. तुझ्या सासऱ्यानंही भरला होता."

"दारूला नाचणी लागते."

"लागणारच. नाचणीशिवाय नुसतं केळ्याचं आंबवण म्हणजे नवरीशिवाय वऱ्हाड."

"माझी कणगी रिकामी आहे. विकतची नाचणी दंडाला चालत नाही, हेही तुमचंच म्हणणं. घरची शेतात उभी आहे, आणि तिचं पाणी तुम्ही तोडलंय."

"नियम नियम आहे, न्देशीची आई," म्हातारा म्हणाला. पण जरा हळू.

बारशासाठी केळी शिजवून आंबवलेला घडा घरात होताच. दुसऱ्या दिवशी तिने तो डोक्यावर घेतला आणि अंजिराखाली जमलेल्या म्हाताऱ्यांच्या मध्ये नेऊन ठेवला.

"हा अर्धा दंड. उरलेला अर्धा शेतात आहे. वाळला तर तुमचाच वाळेल."

त्यांच्यातल्या किलेओ म्हाताऱ्याने भोपळ्याच्या वाटीने दारू चाखली आणि तोंड वाकडं केलं. "न्देकिर्वा," तो म्हणाला, "तुझं फावडं कुठे आहे?"

दुपारी पाणी नाचणीत शिरलं.

त्यानंतर तिच्या पाण्याच्या पाळीत वरच्या वाडीतलं कुणी ते चोरू धजलं नाही. न्देकिर्वा स्वतः काठी घेऊन पाटावर उभा असे. कणसं धरली तेव्हा त्याने एक चोळून दाणा दाताखाली धरला.

"दंडाचा घडा केवढा भरणारेस?" त्याने विचारलं.

"पाणी द्याल तेवढा," ती म्हणाली.

म्हातारा चराकडे वळला आणि चराचं तोंड फावड्याने आणखी हातभर रुंद करू लागला.