गुम्मोची चौकट

आम्ही हुंबल लोक लांबड्यांच्या, म्हणजे उंच माणसांच्या, कमरेला लागतो आणि त्याचाही आम्हाला गर्व आहे. आमचा मूळपुरुष गुम्मो टेकडीच्या पोटातून ताठ चालत बाहेर आला, असं म्हणतात. त्याच्या उंचीची दगडी चौकट आजही तिथे उभी आहे. आईबाप गेले की वारसाने तिच्याखालून न वाकता जायचं, तरच घर त्याचं. वाकला तर त्याच्या रक्तात लांबडे आहेत, असं धरतात.

टेकडी मातीची आहे. ओल धरते, खचते, आणि चौकटही तिच्याबरोबर खाली बसते. माती हाच माझा अभ्यास, म्हणून मी हे पंचांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, गुम्मो आपल्याला वाटत होता त्याहून बुटका होता, म्हणजे अधिकच थोर. तेव्हापासून वारस पायघोळ झगा घालून येतात आणि आत गुडघे दुमडून चालतात. पंच तेवढा वेळ ढगांकडे पाहतात.

नेस्साची आई वारली तेव्हा मी तिला माझा झगा देऊ केला. लबाडी करून आईचं घर घ्यायचं नाही, म्हणाली. ती नापास झाली तर घर तिचा चुलतभाऊ दोर्फ याला जाणार होतं. दोर्फ थोरल्या पंचांचा, ओबिर्रांचा जावई.

नेस्सा ताठ चालत गेली आणि कपाळ दगडावर आपटलं. हिची आजी लांबड्यांच्या बाजाराला फार जायची का, असं मागून कोणीतरी विचारलं. लोक पोट धरून हसले.

कपाळ पुसत ती म्हणाली, "ओबिर्राकाका, आता जावईबापूंना झगा काढून जाऊ द्या."

सगळ्यांदेखत ओबिर्रांना नाही म्हणता येईना. दोर्फने झगा काढला आणि त्याचंही डोकं तिथेच आपटलं.

पंच भाजलेली चेस्टनटं सोलत बराच वेळ कुजबुजले. मग निकाल आला: गुम्मो रांगत बाहेर आला होता. लहानपणी असंच ऐकल्याचं दोन म्हाताऱ्यांना लगेच आठवलंही.

"चल पोरी, पहिला मान तुझा," ओबिर्रा मायेने म्हणाले. "रांग."

"आईच्या घरात मी रांगायचे, तेव्हा मला दात नव्हते," नेस्सा म्हणाली. "आता आहेत."

दोर्फ रांगला. टाळ्या पडल्या. घर त्याचं झालं.

टेकडी अजून खचतेच आहे. थोड्या वर्षांनी गुम्मो सरपटत आला होता असं ठरेल, आणि तेही कोणाला तरी आठवेल.

संध्याकाळी नेस्सा पलीकडच्या खडकाळ उतारावर नवं घर खोदायला कुदळ घेऊन निघाली. दोर्फ दारात बसला होता. काकू अळंबी कुठे वाळत घालत होती, एवढं तरी सांगून जा, म्हणाला.

तिने सांगितलं नाही.